केशरोपणाचे तत्त्व आणि त्याची मर्यादा

टक्कल पडते ते त्या जागेच्या दोषामुळे, की केशमुळांच्याच प्रकृतीमुळे? न्यूयॉर्क येथील त्वचारोगतज्ज्ञ नॉर्मन ऑरेंट्राइक यांच्या १९५९ सालच्या निबंधाने या प्रश्नाचा उलगडा केला. मस्तकाच्या मागील बाजूची सकेश त्वचा टकलावर रोपिली असता तेथे केस वाढत राहिले. उलट टकलाची त्वचा मागे रोपिली असता ती केशहीनच राहिली. अर्थात केसाचे भवितव्य मुख्यतः मूळस्थानाच्या गुणधर्माने ठरते. पुरुषी टकलात डायहायड्रोटेस्टोस्टेरॉन या संप्रेरकाच्या प्रभावाने माथ्यावरची केशमुळे क्षीण होतात. मागील बहुधा टिकतात. केशरोपणाचा आधार हाच. परंतु शस्त्रक्रियेने नवा केस निर्माण होत नाही. असलेल्याचे केवळ स्थलांतर होते. म्हणून हा मर्यादित साठा ऐन तारुण्यातच खर्ची पडल्यास पुढे वाढणाऱ्या टकलासाठी काहीच उरत नाही.