हॉट रॉडची चासी घरी कशी बदलतात?

मोबाईलवर हॉट रॉडचे व्हिडिओ पाहून गॅरेजमधली आपली पोरं आम्हाला विचारतात, "हे घरी जमतं का?" अमेरिकेत जमतं. 1930 च्या दशकात कॅलिफोर्नियातले तरुण जुन्या गाड्या हलक्या करून कोरड्या तलावांवर पळवायचे. हा शौक तिथलाच. 1932 ची फोर्ड आजही त्यांची लाडकी.

तिच्या चासीच्या दोन लांब पट्ट्या इंग्रजी 'सी' अक्षरासारख्या, एका बाजूने उघड्या असतात. जास्त ताकदीचं इंजिन बसवलं की त्या पिळतात. म्हणून उघड्या बाजूला पोलादी प्लेट वेल्ड करून पट्टीची चौकोनी नळी करतात. बंद नळी पीळ सहन करते.

सोपं वाटतं ना? पण खरी गोम वेल्डिंगच्या उष्णतेत आहे. एका दमात लांब वेल्ड मारला, तर थंड होताना लोखंड आकसतं आणि पट्टी वाकडी होते. म्हणून चासी आधी भक्कम, सपाट स्टँडवर जखडतात. कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत तिरकी मापं घेतात. दोन्ही सारखी यायला हवीत. मग टाके, मग थोडा थोडा वेल्ड, दर वेळी जागा बदलून. पाणी ओतून थंड करायचं नाही.

आपल्याकडे मात्र कायदा आडवा येतो. मोटार वाहन कायदा 1988 च्या कलम 52 नुसार, नोंदणीतल्या गाडीत कंपनीच्या मूळ बनावटीशी न जुळणारा बदल करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानेही 2019 मध्ये हेच बजावलं. तेव्हा पोरांनो, हात बसवायचा तर भंगारातल्या पट्टीवर बसवा. ज्या गाडीत अम्मी-अब्बा बसतात, तिच्या चासीवर नको.