जलतरण तलावाचे पाणी मैदानाला मिळावे

पवना धरणातून रावेत बंधाऱ्यापर्यंत येणाऱ्या पाण्यावर मुख्यतः अवलंबून असलेल्या पिंपरी-चिंचवडमध्ये २५ नोव्हेंबर २०१९ पासून दिवसाआड पाणीपुरवठा सुरू झाला आणि तेव्हापासून उन्हाळ्यात जलतरण तलाव चालू ठेवावेत की नाहीत, हा प्रश्न अधिकच टोकदार झाला. तलावांना टाळे लावणे हे त्याचे सर्वांत सोपे, पण पोहायला शिकणाऱ्या मुलांवर अन्याय करणारे उत्तर आहे. विचार व्हायला हवा तो तलावातून बाहेर पडणाऱ्या पाण्याचा.

तलावातील पाणी वाळूच्या गाळणीतून फिरवून व क्लोरीनने निर्जंतुक करून पुन्हा वापरले जाते. गाळणीत मळ साचला की प्रवाह उलटा सोडून ती धुतात आणि या धुलाईचे, म्हणजे ‘बॅकवॉश’चे, पाणी सहसा गटारात जाते. टाकीत साठवून गाळ बसू दिला आणि ऊन लागू दिले, तर त्यातील क्लोरीन काही दिवसांत बहुतांशी नाहीसा होतो; क्षार मात्र उरतात, म्हणून त्यांचे प्रमाण तपासून, गरजेनुसार साधे पाणी मिसळूनच ते हिरवळीला द्यावे लागते. ५० मीटर लांब, २५ मीटर रुंद आणि २ मीटर खोल तलावात २५ लाख लिटर पाणी मावते, तर १०५ बाय ६८ मीटरच्या फुटबॉल मैदानाला रोज ५ मिलिमीटर पाणी द्यायचे झाल्यास सुमारे ३५ हजार ७०० लिटर लागतात. म्हणजे दुरुस्तीसाठी असा तलाव एकदा रिकामा केला, तर ते पाणी एका मैदानाला ७० दिवस पुरेल.

मैदानांच्या पाण्याचा प्रश्न या परिसराला नवा नाही. एप्रिल २०१६ मध्ये दुष्काळामुळे मुंबई उच्च न्यायालयाने आयपीएलचे ३० एप्रिलनंतरचे सामने राज्याबाहेर हलवण्याचा आदेश दिला, तेव्हा शहरालगतच्या गहुंजे स्टेडियमलाही त्याची झळ बसली. खेळपट्ट्यांसाठी प्रक्रिया केलेले सांडपाणी वापरण्याची तयारी क्रिकेट मंडळाने न्यायालयात दाखवली होती.

मात्र सांडपाणी सर्वत्र चालत नाही. डिसेंबर २०२१ मध्ये राष्ट्रीय हॉकी स्पर्धा झालेल्या नेहरूनगरच्या मेजर ध्यानचंद स्टेडियमसारख्या कृत्रिम हिरवळीच्या मैदानावर सामन्यापूर्वी पाणी फवारले जाते, त्या ओल्या पृष्ठभागावर खेळाडू पडतात, त्यांना खरचटते, अंगावर तुषार उडतात, म्हणून तेथे जंतूंपासून मुक्त पाणीच हवे. बागेसाठी जो क्लोरीन काढून टाकावा लागतो, त्याचा अल्प अंश येथे उपकारकच ठरतो आणि मुळे नसल्यामुळे क्षारांनी रोपे जळण्याची भीतीही उरत नाही. तलावाच्या गाळून घेतलेल्या पाण्याला याहून योग्य जागा शहरात शोधून सापडणार नाही.

अर्थात, ऑक्टोबर २०२३ मध्ये कासारवाडीच्या तलावावर क्लोरीन वायूची गळती होऊन पोहणाऱ्यांना रुग्णालयात न्यावे लागले होते, हे विसरून चालणार नाही; प्रशिक्षित कर्मचारी आणि नियमित पाणीतपासणी यांविना ही योजना राबवू नये. या दोन्ही गोष्टींची तजवीज करून महापालिकेने पहिली साठवण टाकी नेहरूनगरलाच बांधावी.