इंग्रजी शब्दांचे ग्रीक कूळ

इंग्रजी भाषेत ग्रीक शब्द मुख्यतः दोन वाटांनी आले. पहिली वाट जुनी आणि संथ. रोमन लोकांनी ग्रीकांची विद्या लॅटिनमध्ये उतरवून घेतली, लॅटिनचा वारसा ख्रिस्ती धर्मोपदेशकांनी इंग्लंडात नेला, आणि एवढ्या प्रवासात झिजलेले शब्द तेथे असे रुळले की, ‘स्कूल’ हा मूळचा ‘स्खोले’, म्हणजे फुरसत, हे सांगूनही खरे वाटू नये. निर्वाहाच्या कामातून मोकळीक मिळालेल्या माणसाने तो वेळ विद्याव्यासंगात घालवावा, या ग्रीकांच्या धारणेमुळे फुरसतीचेच नाव पुढे विद्यालयाला मिळाले.

दुसरी वाट विद्वानांनी बुद्धिपुरस्सर आखली. नवनवीन पदार्थ आणि प्राणी उजेडात येऊ लागले, तेव्हा त्यांच्या नामकरणासाठी शास्त्रज्ञ ग्रीक कोशाकडे वळले. कारण त्या भाषेत समास सहज जुळतो, आणि प्राचीन ग्रीक ही युरोपातील सर्वच विद्वानांची सामाईक मिरास होती. १८४२ साली रिचर्ड ओवेन यांनी ‘डेइनोस’ म्हणजे भयंकर आणि ‘सॉरोस’ म्हणजे सरडा या दोन पदांतून ‘डायनॉसॉर’ घडवला तो असाच.

परंतु नामकर्त्याची चूकही नावात कायमची दाखल होते. सर्व अम्लांत एक विशिष्ट वायू असतोच, अशा समजुतीने फ्रान्सच्या लव्हाझिए यांनी त्याला ‘ऑक्सिजन’, म्हणजे अम्लजनक, म्हटले. पुढे १८१० साली हम्फ्री डेव्ही यांनी, मिठापासून काढलेल्या अम्लात ऑक्सिजन नसून त्यातील हिरवट वायू हे स्वतंत्र मूलद्रव्य आहे, असे प्रतिपादन केले. आणि नाव देताना सिद्धान्ताचा आश्रय न घेता, ‘ख्लोरोस’ म्हणजे फिकट हिरवा, या नुसत्या वर्णावरून त्यांनी त्यास ‘क्लोरिन’ म्हटले. मताचे खंडन होते, रंगाचे होत नाही, हा त्यातील विवेक.

हे कूळ आपल्यालाही परके नाही. ज्या ‘केंत्रोन’पासून इंग्रजी ‘सेंटर’ निघाला, त्यापासूनच ज्योतिषाच्या द्वारे संस्कृतात ‘केंद्र’ आला. ‘आवर’ आणि आपला ‘होरा’ हेही एकाच मुळाचे. म्हणून शास्त्रीय संज्ञा विद्यार्थ्यांकडून घोकून घेण्यापूर्वी शिक्षकांनी तिची फोड करून दाखवावी. त्यामुळे अर्थ तर ध्यानात राहीलच, शिवाय नाव देणाऱ्याला त्या वस्तूविषयी त्या काळी काय उमगले होते, हेही कळेल.