स्तन्याल्पता, हॉर्मोनजन्य

प्रसूतीनंतर अर्भकाच्या वाढीस पुरेल इतके दूध मातेच्या स्तनांत निर्माण न होणे, या अवस्थेस स्तन्याल्पता म्हणतात. आयुर्वेदात तिला स्तन्यक्षय अशी संज्ञा आहे. बहुसंख्य स्त्रियांच्या बाबतीत दूध कमी पडण्याचे कारण पाजण्याच्या पद्धतीत असते व ती सुधारताच दूध वाढते. काही थोड्या स्त्रियांत मात्र गर्भारपणातील अंतःस्रावी ग्रंथींच्या विकृतीमुळे दुग्धनिर्मितीची पूर्वतयारीच अपुरी राहते. हा भेद ओळखणे महत्त्वाचे असते. कारण पहिल्या प्रकारात औषधांची जरुरी नसते, तर दुसऱ्या प्रकारात केवळ धीर धरण्याचा उपदेश केल्यास अर्भकाची उपासमार होते आणि दोष मात्र मातेच्या माथी येतो.

दुग्धनिर्मितीचे नियंत्रण : गर्भारपणात स्त्रीमदजन हॉर्मोनांमुळे दुग्धवाहिन्यांची आणि प्रोजेस्टेरॉनामुळे दूध तयार करणाऱ्या कोशिकांच्या पुंजक्यांची वाढ होते. गर्भारपणाच्या साधारण मध्यापासून चीक तयार होऊ लागतो. परंतु वारेतून स्रवणाऱ्या प्रोजेस्टेरॉनामुळे भरपूर दूध येण्याची क्रिया रोखलेली असते. वार पडल्यावर हा अटकाव दूर होतो आणि सामान्यतः दोन ते तीन दिवसांत दूध उतरते. त्यासाठी पोष ग्रंथीतून (मेंदूच्या तळाशी असलेल्या अंतःस्रावी ग्रंथीतून) येणारे प्रोलॅक्टिन, तसेच इन्शुलीन, कॉर्टिसॉल व अवटू ग्रंथीची हॉर्मोने यांची आवश्यकता असते. पोष ग्रंथीच्या अर्कामुळे सशांच्या माद्यांत दुग्धस्रवण सुरू होते, हे श्ट्रिकर व ग्र्यूटर यांनी १९२८ मध्ये दाखवून दिले होते.

अर्भक चोखू लागले की प्रोलॅक्टिनाचा स्राव वाढतो आणि ऑक्सिटोसिनामुळे दूध वाहिन्यांत उतरते. पुढे मात्र दुधाचे प्रमाण मुख्यतः स्तन किती वेळा व किती पूर्णपणे रिकामे होतात, यावर ठरते. भरलेल्या स्तनात दुग्धनिर्मिती मंदावते व रिकाम्या स्तनात ती वाढते. सर्व उपचारांचा पाया हाच आहे.

कारणे : गर्भारपणात उद्‌भवणाऱ्या अथवा आधीपासून असलेल्या मधुमेहात दूध उतरण्यास विलंब होतो. स्थूलतेतही असाच विलंब आढळतो. बहुपुटी अंडाशय लक्षणसमूहात पुरुषी हॉर्मोनांचे आधिक्य व इन्शुलिनास मिळणारा अपुरा प्रतिसाद यांमुळे काही स्त्रियांत स्तनांतील ग्रंथियुक्त ऊतकाची वाढ कमी होते. तथापि हा विकार असलेल्या अनेक स्त्रियांना भरपूर दूध येते. अवटू ग्रंथीचा स्राव कमी पडल्यासही दूध घटते. हा दोष प्रसूतीनंतरच्या काही महिन्यांत नव्यानेही उद्‌भवू शकतो.

क्वचित गर्भारपणात अंडाशयांवर पुटी निर्माण होऊन टेस्टोस्टेरॉनाचे प्रमाण फार वाढते. प्रसूतीनंतर या पुटी आपोआप आकसतात. परंतु टेस्टोस्टेरॉन उतरेपर्यंत, कधी कधी काही आठवडे, दूध येत नाही. वारेचा तुकडा गर्भाशयात राहिल्यास प्रोजेस्टेरॉनाचा अटकाव चालूच राहतो. प्रसूतिसमयी अतिरक्तस्राव होऊन पोष ग्रंथीतील ऊतकाचा नाश झाल्यास दूध मुळीच येत नाही. या विकृतीचे वर्णन शीहान यांनी १९३७ मध्ये केले व ती त्यांच्याच नावाने ओळखली जाते.

निदान : स्तन मऊ लागणे, अर्भकाने वारंवार प्यावयास मागणे किंवा रडणे ही दूध अपुरे असल्याची खात्रीची लक्षणे नव्हेत. वजन हेच खरे प्रमाण होय. पहिल्या काही दिवसांत वजनात थोडी घट स्वाभाविक असते. ती जन्मवजनाच्या १० टक्क्यांच्या आसपास गेल्यास तातडीने तपासणी आवश्यक ठरते. अर्भकाने सुमारे दोन आठवड्यांत जन्मवजन पुन्हा गाठावे व त्यानंतर पहिले तीन महिने रोज २० ते ३० ग्रॅम वाढावे, अशी अपेक्षा असते. पाचव्या दिवसापासून चोवीस तासांत किमान सहा वेळा लघवी होणे हे समाधानकारक लक्षण होय.

गर्भारपणात स्तनांचा आकार न वाढणे आणि प्रसूतीनंतर तीन दिवस उलटूनही स्तन न भरणे या गोष्टींवरून हॉर्मोनजन्य कारणाची शंका घ्यावी लागते. अशा वेळी अवटू ग्रंथीची कार्यक्षमता, रक्तशर्करा आणि जरूर तर प्रोलॅक्टिन व टेस्टोस्टेरॉन यांचे मापन करतात. वारेचा तुकडा राहिल्याचा संशय असल्यास गर्भाशयाचे श्राव्यातीत ध्वनिचित्रण करतात.

उपचार : प्रसूतीनंतर पहिल्या तासात अर्भकास स्तनाशी धरणे, त्याला मातेच्या उघड्या छातीशी ठेवणे व दिवसरात्र मिळून आठ ते बारा वेळा पाजणे हा पहिला उपाय होय. अर्भकाच्या तोंडात केवळ स्तनाग्र न जाता भोवतालचा काळसर भागही यावा लागतो. अर्भक नीट ओढत नसल्यास पाजल्यानंतर हाताने किंवा पंपाने दूध काढतात. दूध उशिरा उतरणाऱ्या स्त्रियांत पहिल्या दोन आठवड्यांतील हे उद्दीपन विशेष मोलाचे असते.

याबरोबरच मूळ कारणावर उपचार करावे लागतात. अवटू ग्रंथीच्या न्यूनतेत थायरॉक्सीन देतात. ते स्तनपानाच्या काळात सुरक्षित असते. मधुमेहात रक्तशर्करेचे नियंत्रण ठेवतात. राहिलेला वारेचा तुकडा काढल्यावर दूध येऊ लागते. शीहान लक्षणसमूहात दूध बहुधा परत येत नाही. परंतु उणी हॉर्मोने देणे मातेच्या जीविताच्या दृष्टीने अत्यावश्यक असते. स्त्रीमदजनयुक्त गर्भनिरोधक गोळ्या दूध कमी करतात, म्हणून त्या टाळतात.

मधुमेही परंतु अन्यथा निरोगी गरोदर स्त्रियांनी ३६ व्या आठवड्यापासून चीक हाताने काढून साठवणे अपायकारक नाही, असे ऑस्ट्रेलियातील २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत आढळले. मात्र हे वैद्यकीय सल्ल्यानेच करावे.

डोंपेरिडोन हे औषध प्रोलॅक्टिन वाढविते. परंतु त्यामुळे हृदयाच्या लयीत बिघाड होण्याचा संभव असतो. मेटोक्लोप्रमाइडामुळे विषण्णता येऊ शकते. स्तन वारंवार रिकामे होत नसतील, तर केवळ औषधांचा विशेष उपयोग होत नाही.

महाराष्ट्रात बाळंतिणीस आळिवाची खीर, डिंकाचे व मेथीचे लाडू, खसखस, बाळंतशेपा आणि शतावरीचा कल्प देण्याची प्रथा आहे. यांतील अनेक पदार्थ पौष्टिक आहेत. परंतु त्यांमुळे हॉर्मोनजन्य स्तन्याल्पता दूर होते, असा निर्णायक पुरावा नाही. साखर-तुपाचे लाडू मधुमेही मातेने बेतानेच खावेत. मेथीमुळे रक्तशर्करा उतरू शकत असल्याने मधुमेहावरील औषधे चालू असताना ती मोठ्या प्रमाणात घेऊ नये.

पूरक आहार : दूध वाढेपर्यंत अर्भकास उपाशी ठेवणे धोक्याचे असते. मधुमेही मातेच्या अर्भकाची रक्तशर्करा जन्मानंतर एकाएकी उतरण्याचा संभव असल्यामुळे तेथे अधिक दक्षता घ्यावी लागते. मातेचे काढलेले दूध प्रथम, ते न पुरल्यास दुग्धपेढीतील दूध व तेही नसल्यास वैद्यकीय सल्ल्याने दुधाची योग्य भुकटी, असा क्रम ठेवतात. भारतातील पहिली दुग्धपेढी १९८९ मध्ये मुंबईतील शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांच्या पुढाकाराने सुरू झाली. पूरक दूध वाटी-चमच्याने, बोंडल्याने किंवा स्तनाग्राजवळ बसविलेल्या बारीक नळीने देतात. नळीमुळे अर्भकाचे पोट भरते आणि स्तनासही उद्दीपन मिळते. मध, घुटी वा साखरेचे पाणी देऊ नये.

काही स्त्रियांत सर्व उपाय करूनही दूध अपुरेच राहते. हा त्यांच्या प्रयत्नांतील उणेपणा नसून शरीरातील हॉर्मोनांच्या बिघाडाचा परिणाम असतो. अशा वेळीही जेवढे दूध येते तेवढे पाजणे हितावह असते; कारण अल्प प्रमाणातील स्तन्यातूनही अर्भकास रोगप्रतिकारक द्रव्ये मिळतात.