सामाईक जागेची आखणी : महालातल्या वाड्यांपासून सुरुवात

इंटिरिअर डिझाइन शिकणाऱ्यांना सुरुवातीला बहुधा बैठकीची खोली किंवा शयनगृह आखायला दिले जाते. तिथे मालक एक आणि आवडनिवडही त्याच घराची. सामाईक जागेत मात्र जिना, आंगण, ओटा, वाचनालय हे सगळ्यांचे असते आणि त्याची जबाबदारी कोणाचीच नसते. अशी जागा नव्याने मांडायला शिकायचे असेल, तर नागपूरच्या विद्यार्थ्याने वही आणि मोजपट्टी घेऊन महाल या शहराच्या जुन्या भागात जावे.

महालच का

गोंड राजा बख्त बुलंद शहाने १७०२ मध्ये वसवलेल्या नागपुरात अठराव्या शतकात पहिल्या रघूजी भोसल्यांची राजधानी आली. राजवाड्याच्या आसपास, म्हणजे आजच्या महालात, सरदार, कारभारी आणि कारागीर यांची वस्ती वाढली. १८५४ मध्ये इंग्रजांनी राज्य खालसा केले, तरी वाडे राहिले. पुढे वाटण्या झाल्या, भाडेकरू आले, एका चुलीच्या अनेक चुली झाल्या. एका कुटुंबासाठी बांधलेला चौक आणि जिना आता चार-पाच कुटुंबांचा झाला. चौकात कोणी पत्र्याची मोरी काढली, जिन्याखाली कोणाची स्कूटर उभी राहिली, मीटरच्या पेट्या दिंडी दरवाजाशेजारी लटकल्या. विद्यार्थ्याच्या हाती येणारा खरा प्रश्न हाच असतो. जुन्या वाड्याचे कोरीव सुरूदार खांब सुंदर असतातच. पण या मोरी-मीटरांची मोजमापे आधी घ्यावीत, कारण लोक त्यांच्यासह राहतात.

ओटा आणि छपरी

रस्ता आणि घर यांच्या मध्ये आधी ओटा, मग छपरी, मग माजघर. अनोळखी माणूस ओट्यावर, ओळखीचा छपरीतल्या बंगईवर (झोपाळ्यावर), घरचा आत. कोणी कुठवर यायचे, हे पाटी न लावता बांधकामच सांगते. आजच्या अपार्टमेंटमध्ये लिफ्टचे दार उघडले की समोर थेट घराचे दार येते. थांबायला, टेकायला, दोन शब्द बोलायला मधली जागाच नाही.

आणि ही मधली जागा वर्षभर एकच काम करत नाही. तान्ह्या पोळ्याला लाकडी बैल घेऊन आलेली मुले बोजाऱ्यासाठी, म्हणजे खाऊ-पैशांसाठी, ओट्यापाशी जमतात. भाद्रपदी पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत भुलाबाईची गाणी छपरीत होतात. चितार ओळीत गणपतीच्या आधी मूर्तिकारांचे काम घरातून रस्त्याच्या कडेपर्यंत पसरते आणि विसर्जनानंतर रस्ता पुन्हा मोकळा होतो. म्हणून सामाईक जागेचा एकच नकाशा पुरत नाही. सकाळचा, दुपारचा, रात्रीचा आणि सणाचा असे वेगळे नकाशे काढावेत. कोणत्या वेळी कोण कुठे बसते, एवढेच त्यांत दाखवावे. माझ्या मते या अभ्यासातले हे सर्वांत मोलाचे काम आहे, आणि रंग-टाइल्स निवडण्याच्या घाईत नेमके तेच राहून जाते.

कोणाकडून शिकावे

बाळकृष्ण दोशी १९२७ मध्ये पुण्यात जन्मले, मोठ्या एकत्र कुटुंबात वाढले आणि २०१८ मध्ये प्रिट्झकर पुरस्कार मिळवणारे पहिले भारतीय वास्तुशिल्पी ठरले. इंदूरच्या अरण्य वसाहतीत त्यांनी अगदी लहान घरांनाही ओटे दिले. चार्ल्स कोरिया यांनी नवी मुंबईत बेलापूरला १९८० च्या दशकात घरे आखली ती सात-सातच्या गटांत, मधल्या छोट्या चौकाभोवती. असे तीन गट मिळून एकवीस घरांना आणखी मोठे आंगण. सात घरांतले लोक एकमेकांना नावाने ओळखतात, म्हणून चौकाची राखण होते. विल्यम व्हाइट या अमेरिकी अभ्यासकाने न्यूयॉर्कचे चौक कॅमेऱ्याने टिपून १९८० मध्ये पुस्तक लिहिले. लोक बसतात ते बसायला सोय असेल तिथे, आणि खुर्ची हलवता आली तर त्यांना अधिक बरे वाटते, हे त्याने दाखवून दिले. महालातल्या गांधी गेटपाशी तासभर उभे राहिले तरी यातले निम्मे पडताळून पाहता येते.

सरावाचा प्रकल्प : वाड्याच्या तळमजल्यावर अभ्यासिका

स्पर्धा परीक्षांचा अभ्यास करणाऱ्या मुलामुलींना घरी जागा पुरत नाही, तेव्हा अभ्यासिका हा महालासाठी रास्त विषय आहे. समजा, वाटणी झालेल्या वाड्याचा तळमजला आणि चौक मिळाला.

पहिला प्रश्न उजेडाचा. भिंती जाड, खिडक्या लहान, त्यामुळे खरा उजेड चौकाच्या बाजूने येतो. मेजे तिकडे लावावीत, कपाटे अंधाऱ्या भिंतीला. रात्री मेजावर सुमारे ३०० लक्स प्रकाश लागतो. तो छताच्या एका दिव्यातून आणण्यापेक्षा प्रत्येक मेजाला दिवा देणे स्वस्त पडते.

दुसरा प्रश्न उन्हाळ्याचा. २०१३ च्या मे महिन्यात नागपूरचा पारा ४७.९ अंशांवर गेला होता. कूलर लागणारच. त्याची थंड हवा आत यावी आणि चौकाच्या बाजूने बाहेर पडावी, नाहीतर तासाभरात खोली दमट होते. पावसाळ्यात हवाच ओली असल्याने कूलर उपयोगाचा नाही, तेव्हा छताचे पंखे हवेतच. कूलरच्या आवाजाजवळ मेजे नकोत. आणखी एक गोष्ट : हिवाळ्यात मोजमाप घेतले, तर कूलरचे स्टँड बोळात किती जागा अडवते ते दिसत नाही. मार्च ते जूनचा नकाशा वेगळा काढावा, आणि उरलेल्या महिन्यांत कूलर ठेवायचा कुठे, तेही त्यात दाखवावे.

तिसरा प्रश्न उंबऱ्याचा. चाकाच्या खुर्चीसाठी उताराचे प्रमाण १:१२ धरतात. १५ सेंटीमीटरच्या उंबऱ्याला १.८ मीटर लांबीचा उतार लागतो, तो जमतो. ४५ सेंटीमीटर उंच ओट्याला ५.४ मीटर लागतात, आणि महालाच्या गल्लीत तेवढी जागा मिळणे कठीण. मग मागच्या दाराने, चौकातून वाट काढावी. ओटा फोडून उतार करणे हा उपाय सुचतो पटकन, पण त्यात बसायची जागा जाते.

चौथी गोष्ट बोलण्याची. शांततेची पाटी लावून शांतता मिळत नाही. बोलायला दुसरी जागा दिली की मिळते. चौकात दोन बाके आणि पिण्याचे पाणी ठेवावे. रात्री मुलीला न्यायला आलेल्या वडिलांना ओट्यावर बसता यावे, आणि तिथून आतली मेजे दिसावीत. जिन्यात आणि दिंडी दरवाजापाशी दिवा हवा. हे सुरक्षिततेचे काम आहे. सजावटीच्या यादीत त्याला शेवटी टाकू नये.

चुना, सागवान, बांबू

वाडा वारसा यादीत असेल, तर बदलाआधी वारसा संवर्धन समितीची परवानगी घ्यावी लागते. ही चौकशी पहिल्याच आठवड्यात करावी. जुन्या चुन्याच्या भिंतीवर सिमेंटचा गिलावा चढवला की आतली ओल बाहेर पडत नाही आणि पापुद्रे सुटतात. चुन्यावर चुनाच बरा. वाडे पाडले की त्यांचे सागवान जुन्या लाकडाच्या व्यापाऱ्यांकडे जाते. मेजाच्या फळ्यांसाठी ते पाहावे. आडोशाला विदर्भाचाच बांबू आहे. बुरडाने विणलेल्या तट्ट्याने वारा अडत नाही, आणि तो खिळे न ठोकता खांबांमध्ये बांधता येतो. वाळ्याच्या ताट्या तर इथल्या उन्हाळ्याच्या ओळखीच्याच.

किल्ली कोणाकडे

सामाईक जिन्यातला दिवा गेला, की तो बदलायचा कोणी, यावरून वाड्यांत अबोला धरला जातो. म्हणून आखणीबरोबर तीन गोष्टी लिहून द्याव्यात : विजेचा मीटर कोणाच्या नावे, झाडझूड कोणाकडे, किल्ली किती घरांत. अभ्यासिकेला स्वतंत्र मीटर असावा. गावातल्या दुकानात मिळतात तेच दिवे, नळ आणि बिजागऱ्या वापराव्यात, म्हणजे दुरुस्तीसाठी डिझाइनरची वाट पाहावी लागत नाही. दरवर्षी कूलरचे पॅड, काही वर्षांनी चुना आणि महिन्याचे वीजबिल यांचा अंदाज नकाशाच्या कोपऱ्यात मांडावा. मग तो कागद कॉलेजात परीक्षकांना दाखवण्याआधी वाड्यातल्या प्रत्येक घरात नेऊन दाखवावा, आणि त्यांनी पेन्सिलने केलेल्या खुणा खोडू नयेत.