दाताला सिमेंट धरतं कसं?

हिवाळ्यात हरभरा फुलाघाट्यावर आला की पहाटे त्याच्या पाल्यावर आंब साचते. रात्री पिकावर स्वच्छ धडपं पसरायचं, पहाटे ते पिळून आंब बाटलीत भरायची आणि पोटदुखीवर घोटभर द्यायची, ही वऱ्हाडातली जुनी रीत. या आंबेत मॅलिक आणि ऑक्झॅलिक ही आम्लं असतात. शेतात उभ्या उभ्या पाला जरा जास्त चघळला की दात असे आंबतात की भाकरीचा तुकडा चावणंही नकोसं होतं. आंबटाचं आणि दाताचं जमत नाही, हे बुलढाणा जिल्ह्यातल्या शेतकऱ्याला कुणी शिकवावं लागत नाही.

म्हणूनच दवाखान्यातल्या खुर्चीवर बसल्यावर डॉक्टर म्हणतात, "आता दाताला थोडं ॲसिड लावतो," तेव्हा अनेक जण दचकतात. दाताच्या रंगाचं जे सिमेंट आज खामगावपासून मेहकरपर्यंत भरलं जातं, ते बहुतेक वेळा काँपोझिट असतं आणि ते दाताला धरून राहतं ते त्या अर्ध्या मिनिटाच्या ॲसिडमुळेच. ते किती वर्षं टिकेल, हे सिमेंटच्या किमतीपेक्षा दोन गोष्टींवर ठरतं: ते अर्धं मिनिट किती नेटकेपणानं पार पडलं आणि रुग्ण दवाखान्यात किती लवकर पोचला.

चांदीकडून काँपोझिटकडे

आधीच्या पिढीच्या दाढांत 'चांदी' दिसते. चांदी, कथील आणि तांबं यांची भुकटी पाऱ्यात कालवून केलेलं ते अमाल्गम. मजबूत आणि स्वस्त, पण ते दाताला चिकटत नाही. म्हणून डॉक्टरांना आत रुंद आणि तोंडाशी अरुंद असा खड्डा कोरावा लागे. भरलेली चांदी त्या आकारात अडकून राही. त्यासाठी कीड नसलेला, चांगला दातही कापला जाई. पाऱ्याचा वापर कमी करण्यासाठी २०१३ साली मिनामाता करार झाला, २०१८ मध्ये भारतानं त्याला संमती दिली आणि चांदी भरणं मागे पडत गेलं.

चिकटवण्याचा मार्ग त्याआधीच सापडला होता. अमेरिकेतल्या रॉचेस्टर शहरातले दंतसंशोधक मायकेल बुओनोकोर यांच्या लक्षात आलं की कारखान्यांत रंग नीट धरावा म्हणून धातू आधी फॉस्फोरिक ॲसिडनं हाताळतात. हाच उपाय त्यांनी दातावर करून पाहिला. माणसांच्या पुढच्या दातांवर ८५ टक्के तीव्रतेचं फॉस्फोरिक ॲसिड ३० सेकंद लावलं, धुतलं, सुकवलं आणि त्यावर ॲक्रिलिकचा ठिपका ठेवला. साध्या दातावरचे ठिपके काही तासांत गळून पडले, ॲसिड लावलेल्या दातांवरचे कित्येक आठवडे टिकले. १९५५ साली त्यांनी हा शोधनिबंध प्रसिद्ध केला. पुढे राफेल बोवेन यांनी नव्या प्रकारच्या रेझिनचं, म्हणजे घट्ट होणाऱ्या चिकट द्रवाचं, पेटंट १९६२ मध्ये मिळवलं आणि आजच्या काँपोझिटचा पाया घातला गेला.

अर्ध्या मिनिटात काय घडतं

दाताचं बाहेरचं आवरण म्हणजे इनॅमल. वजनाच्या हिशेबानं त्यात सुमारे ९६ टक्के खनिज असतं आणि ते अतिशय बारीक दांड्यांच्या जुड्यांत रचलेलं असतं. आज वापरलं जाणारं ॲसिड साधारण ३७ टक्के तीव्रतेचं असतं. ते कुठे लागलं आहे हे दिसावं म्हणून जेलला बहुधा निळा रंग दिलेला असतो. १५ ते ३० सेकंदांत ते इनॅमलचा सुमारे १० मायक्रॉनचा, म्हणजे मिलिमीटरच्या शंभराव्या भागाएवढा थर काढून टाकतं आणि त्याखाली दांड्यांच्या मध्ये असंख्य सूक्ष्म छिद्रं पाडतं. धुऊन सुकवल्यावर तेवढा भाग खडूसारखा पांढरट दिसतो. तो तसा दिसला की डॉक्टरांना कळतं, काम झालं.

गुळगुळीत काँक्रीटवर गिलावा चढवण्याआधी गवंडी छिन्नीनं टाचे मारून तो खरखरीत करतो, त्यामागचं तत्त्व हेच. आता त्या छिद्रांत रेझिनचा पातळ बाँडिंग द्रव उतरतो. निळ्या प्रकाशानं तो जागच्या जागी घट्ट होतो आणि त्याचे सूक्ष्म धागे इनॅमलमध्ये रुतून बसतात. त्यावर काँपोझिट थराथरानं, साधारण दोन-दोन मिलिमीटर भरून, प्रत्येक थर प्रकाशानं कडक केला जातो. आपण तोंड उघडून बसलेलो असताना डॉक्टर तो 'लाइट' पुन्हा पुन्हा का मारतात, याचं उत्तर हे.

ॲसिडनं दात कमजोर होईल ही भीती मात्र सोडून द्यावी. इनॅमलची जाडी बहुतेक जागी एक ते दोन मिलिमीटर असते. त्यातला साधारण शंभरावा भाग किंवा त्याहूनही कमी जातो आणि त्यावर लगेच रेझिन बसतं. हिरडीला जेल चुकून लागलं तर ती थोडा वेळ पांढरी पडते, लगेच धुतलं की बरी होते.

इनॅमलच्या आतला थर म्हणजे डेंटिन. तिथलं काम फार अवघड. डेंटिनमध्ये खनिज सुमारे ७० टक्के. बाकी कोलॅजन नावाच्या प्रथिनाची जाळी आणि पाणी. शिवाय त्यात नसेपर्यंत पोचणाऱ्या अगणित सूक्ष्म नळ्या. ॲसिडनं खनिज काढलं की जाळी उघडी पडते. ती फार सुकवली तर कोसळते आणि बाँडिंग आत शिरत नाही, फार ओली राहिली तर बाँडिंग पातळ होतं. म्हणून डेंटिनवर ॲसिड १५ सेकंदांहून जास्त ठेवत नाहीत आणि धुतल्यावर किंचित ओल राखतात. हा पेच सोडवण्यात जपानचा वाटा मोठा आहे. ताकाओ फुसायामा यांनी १९७९ मध्ये इनॅमल आणि डेंटिन दोन्हींवर एकदम ॲसिड वापरण्याची पद्धत मांडली आणि १९८२ मध्ये नोबुओ नाकाबायाशी यांनी दाखवलं की रेझिन आणि कोलॅजन यांचा मिळून एक मिश्र थर तयार होतो. तरीही वर्षं उलटतात तसा डेंटिनवरचा हा थर पाण्यानं आणि दातातल्याच विकरांनी हळूहळू झिजतो. इनॅमलवरची पकड मात्र कितीतरी जास्त टिकते.

आपल्या जिल्ह्यात काय सांभाळावं

इथून पुढचं सगळं आपल्या रोजच्या जगण्याशी जोडलेलं आहे.

पहिली गोष्ट पाण्याची. पूर्णा नदीच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा शेगाव, संग्रामपूर, जळगाव जामोद या भागांतून जातो. तिथलं पाणी खारट आहे हे जिभेला कळतं. फ्लोराइडला मात्र चव नसते, त्यामुळे ते किती आहे हे पाणी तपासल्याशिवाय कळत नाही. पिण्याच्या पाण्यात लिटरला १ मिलिग्रॅम फ्लोराइड योग्य मानलं जातं आणि दुसरा स्रोतच नसेल तर १.५ मिलिग्रॅमपर्यंत चालतं. मुलांचे कायमचे दात हिरडीच्या आत घडत असताना, म्हणजे साधारण आठव्या वर्षापर्यंत, याहून जास्त फ्लोराइड पोटात जात राहिलं तर दातांवर पांढरे किंवा तपकिरी पट्टे उमटतात. अशा इनॅमलचा वरचा थर ॲसिडला सहज दाद देत नाही. त्यावर सिमेंट धरावं म्हणून डॉक्टर ॲसिड जास्त वेळ ठेवतात किंवा आधी तो थर किंचित घासून काढतात. गावातल्या अनेक मुलांचे दात असे दिसत असतील तर ग्रामपंचायतीनं विहिरीचं आणि बोअरचं पाणी फ्लोराइडसाठी तपासून घ्यावं.

दुसरी गोष्ट उन्हाळ्याची. घाटाखालच्या मलकापूर, नांदुरा, शेगावकडचा मे महिना सर्वांना माहीत आहे. बाँडिंगच्या बाटलीत अल्कोहोल किंवा ॲसिटोन असतं. झाकण उघडं राहिलं की ते उडून जातं. अनेक बाँडिंग फ्रिजमध्ये ठेवावी लागतात, वीज गेली तरी तो थंडावा राखावा लागतो. कॉम्प्रेसरच्या हवेतून तेल किंवा पाण्याचे कण आले तरी पकड ढिली होते. दवाखान्याच्या या न दिसणाऱ्या शिस्तीलाही आपण पैसे मोजत असतो आणि ते योग्यच आहे.

तिसरी गोष्ट लवंग तेलाची. दाढ ठणकली की घरोघरी लवंगेचा बोळा ठेवतात आणि तेवढ्यापुरता आराम पडतो. पण त्यातलं युजेनॉल रेझिनला नीट कडक होऊ देत नाही. म्हणून खुर्चीवर बसताच डॉक्टरांना सांगावं की दाढेत लवंग तेल घातलं होतं.

चौथी गोष्ट घासण्याची आणि चघळण्याची. राखुंडी, कोळसा, मिसरी यांनी दात जोरानं घासले की हिरडीजवळचं पातळ इनॅमल झिजतं आणि डेंटिन उघडं पडतं. सिमेंट धरायला सर्वांत कठीण जागा तीच. खर्रा आणि सुपारी वर्षानुवर्षं चघळल्यानं दाढांचे माथे झिजून सपाट होतात.

पाचवी गोष्ट थुंकीची. ॲसिड धुऊन झाल्यावर त्या जागी लाळेचा थेंब जरी लागला तरी काम बिघडतं आणि ॲसिड पुन्हा लावावं लागतं. म्हणून डॉक्टर कापसाचे बोळे किंवा रबराचा पडदा लावतात. तेव्हा जीभ आवरून स्वस्थ बसणं एवढा हातभार रुग्णानं लावावा. जागा कोरडी ठेवणं शक्यच नसेल, लहान मूल रडत असेल, तर डॉक्टर ग्लास आयोनोमर वापरू शकतात. ते दाताच्या कॅल्शियमशी स्वतःच रासायनिक बंध करतं. काँपोझिटएवढं मजबूत नसलं तरी अशा वेळी तेच बरं.

दुखायच्या आधी

याच ॲसिडचा सर्वांत मोठा उपयोग कीड लागण्याआधीच होतो. सहाव्या-सातव्या वर्षी मुलाच्या जबड्यात मागे कायमची पहिली दाढ येते. दुधाचा एकही दात न पाडता ती येत असल्यानं आईवडील तिला दुधाचीच समजतात. तिच्या माथ्यावरच्या खोल चिरांत ब्रशचे केस पोचत नाहीत. त्या चिरांवर ॲसिड लावून पातळ रेझिन ओतलं की त्या बुजतात. याला सीलंट म्हणतात. १९६७ साली बुओनोकोर आणि त्यांचे सहकारी यांनी ते प्रथम मांडलं. ड्रिल लागत नाही, सुई लागत नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक शाळेत आलं की मुलांचे दातही पाहतं. त्या दिवशी पालकांनी शाळेत जाऊन या दाढेबद्दल जरूर विचारावं.

गाडीवरून पडून किंवा क्रिकेटचा चेंडू लागून मुलाच्या पुढच्या दाताचा तुकडा उडाला तर तो तुकडा फेकू नये. दुधात किंवा पाण्यात ठेवून त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्यावा. अनेकदा तोच तुकडा ॲसिड आणि बाँडिंगच्या मदतीनं परत जोडता येतो.

पण या साऱ्याला इनॅमल शिल्लक असावं लागतं. दाढेवर काळी रेघ किंवा बारीक खड्डा दिसतो तेव्हा त्याच्या चारही बाजूंना इनॅमल असतं आणि काँपोझिटला भक्कम कड मिळते. सोयाबीन निघू दे, लग्नसराई होऊ दे, यात्रा आटोपू दे म्हणत वर्ष गेलं की कीड आतल्या आत पसरते, कडा ढासळतात आणि पकड डेंटिनच्या भरवशावर राहते. मग रूट कॅनल, कॅप किंवा दाढ काढणं. खर्चही वाढतो आणि त्रासही. म्हणून वर्षातून एकदा, दुखत नसतानाच, घरातल्या सगळ्यांचे दात तपासून घ्या, आणि सहा-सात वर्षांच्या मुलापासून सुरुवात करा.