बहुराष्ट्रीय संगणक व्यवस्थापनातील सर्व्हर-श्रेणीरचना : नियोजनाचे काही प्रश्न

अनेक देशांत कार्यालये असलेल्या संस्थेतील हजारो संगणकांवर आज्ञावली बसविणे, सुरक्षा-सुधारणा पोहोचविणे आणि यंत्रसामग्रीची नोंद ठेवणे ही कामे मध्यवर्ती व्यवस्थापन-सर्व्हरमार्फत केली जातात. मायक्रोसॉफ्टने १९९४ मध्ये ‘सिस्टिम्स मॅनेजमेंट सर्व्हर’ या नावाने आणलेली आणि आज ‘कॉन्फिगरेशन मॅनेजर’ म्हणून ओळखली जाणारी प्रणाली हे याचे ठळक उदाहरण होय. प्रस्तुत लेखात या प्रणालीच्या आधारे श्रेणीरचनेच्या नियोजनाचा विचार केला आहे.

या रचनेत सर्वांत वर केंद्रीय प्रशासन साइट, तिच्याखाली प्राथमिक साइट, त्याखाली दुय्यम साइट आणि अखेरीस वितरण-केंद्रे अशी उतरंड असते. केंद्रीय साइटला कोणताही संगणक थेट जोडला जात नाही. ती केवळ प्राथमिक साइटना एकत्र बांधते. नकाशा समोर ठेवून नियोजन करणाऱ्यास प्रत्येक देशाला एक प्राथमिक साइट द्यावी असा मोह होतो. २००७ च्या आवृत्तीपर्यंत त्याला काही आधारही होता, कारण वेगळी धोरणे किंवा वेगळे प्रशासक हवे असल्यास वेगळी साइट उभारावी लागे. २०१२ च्या आवृत्तीपासून संगणकांच्या गटनिहाय (‘कलेक्शन’निहाय) धोरणे व भूमिकानिहाय अधिकार देता येऊ लागले आणि ते कारण उरले नाही. एकच स्वतंत्र प्राथमिक साइट सुमारे १,५०,००० विंडोज संगणक सांभाळू शकते. या मर्यादेच्या जवळपासही न जाणाऱ्या संस्थेने केंद्रीय साइट उभारणे म्हणजे माहितीसाठ्यांच्या परस्पर प्रतिकृतीचा भार विनाकारण अंगावर घेणे होय.

शिवाय हे निर्णय सहज फिरविता येत नाहीत. साइटचा तीन अक्षरी संकेत एकदा दिला की बदलता येत नाही. एका स्वतंत्र प्राथमिक साइटवर नंतर केंद्रीय साइट चढविता येते. परंतु दोन देशांत वेगवेगळ्या उभारलेल्या साइट एकत्र करावयाच्या झाल्यास स्थलांतराचा लांबलचक मार्ग पत्करावा लागतो. केंद्रीय साइट काढून टाकण्याची अधिकृत सोय तर २०२० मध्ये आली.

मग अंतराचा प्रश्न कसा सोडवावा? समजा, प्राथमिक साइट फ्रँकफर्टला आहे आणि पुण्याच्या कार्यालयातील २०० संगणकांना १ गिगाबाइटची सुधारणा १० मेगाबिट प्रतिसेकंद क्षमतेच्या जोडणीवरून घ्यावयाची आहे. एका प्रतीस सुमारे १३ मिनिटे लागतात. प्रत्येकाने स्वतंत्रपणे घेतल्यास जोडणी जवळजवळ ४४ तास व्यापली जाईल. पुण्यात वितरण-केंद्र असल्यास समुद्रापलीकडून एकच प्रत येते, तीही रात्रीच्या वेळी व मर्यादित वेगाने आणता येते. मात्र संगणकांकडून वर जाणाऱ्या नोंदींचा ओघ वितरण-केंद्र अडवीत नाही. तो भारही जोडणीस पेलत नसेल तरच दुय्यम साइटचा विचार करावा. कोणत्या संगणकाने कोणत्या केंद्राकडे जावे हे ‘बाउंडरी ग्रुप’ ठरवितात. त्यातील आयपी पट्टे अद्ययावत नसतील तर पुण्यातील संगणक शेजारचे केंद्र सोडून फ्रँकफर्टचे दार ठोठावतो.

कायद्याच्या बाबतीत एक गैरसमज आढळतो. देशात प्राथमिक साइट ठेवली म्हणजे माहिती देशातच राहिली, असे नव्हे. केंद्रीय साइट असेल तर संगणकांच्या नोंदी सामान्यतः तिच्याकडेही पोहोचतात. त्या नोंदींत वापरकर्त्यांची नावे असू शकतात. त्यामुळे २५ मे २०१८ पासून लागू झालेल्या युरोपीय विदासंरक्षण नियमावलीच्या दृष्टीने वरची साइट कोठे आहे आणि तेथून माहिती कोण पाहतो, हे तपासणे अगत्याचे ठरते.

वेळापत्रकाकडे सहसा शेवटी लक्ष जाते. मायक्रोसॉफ्टच्या मासिक सुधारणा दुसऱ्या मंगळवारी प्रसिद्ध होतात, तेव्हा भारतात रात्रीचे साडेदहा किंवा साडेअकरा वाजलेले असतात. सौदी अरेबियात साप्ताहिक सुटी शुक्रवार-शनिवारी असते, तर संयुक्त अरब अमिरातींच्या संघीय कार्यालयांनी २०२२ पासून शनिवार-रविवार स्वीकारला आहे. एकाच ‘रविवारी’ सर्वत्र संगणक पुन्हा सुरू करण्याचा आदेश रियाधमध्ये कामाच्या दिवशी येऊन पडतो.

सर्वांत गंभीर प्रश्न अधिकारांचा आहे. मे २०१४ मध्ये अमेरिकेतील एमरी विद्यापीठात विंडोज ७ नव्याने बसविण्याचा आदेश चुकून विद्यापीठाच्या सर्व विंडोज संगणकांकडे गेला. संगणक पुसले जाऊ लागले आणि ज्या सर्व्हरवरून आदेश निघाला तोही त्यातून सुटला नाही. एकसंध श्रेणीरचनेत अशा आदेशाला देशाची सीमा अडवीत नाही. म्हणून स्थानिक प्रशासकास त्याच्या देशाच्या कलेक्शनपुरताच अधिकार द्यावा आणि ‘सर्व संगणक’ हे कलेक्शन त्याच्या आवाक्याबाहेर ठेवावे. सध्याच्या आवृत्त्यांत मोठ्या किंवा सर्व्हरचा समावेश असलेल्या कलेक्शनवर अशा धोकादायक आदेशांना अटकाव करण्याची सोय आहे. तिच्या मर्यादा पहिला संगणक जोडण्यापूर्वीच निश्चित कराव्यात.